थरारपटातली संशयाची सुई नेमकी कुणाकडे?

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. शाळेत स्नेहसंमेलनाच्या तालमी चालू होत्या. मधल्या सुट्टीत सातवीची पोरं वर्गातच एक प्रसंग वठवत बसली होती. एक पोलीस, एक गुप्तहेर, दोन बंदूकधारी आणि एक 'आतंकवादी'. नुकत्याच आलेल्या 'धुरंधर'च्या रील्स सगळ्यांच्या मोबाईलवर फिरत होत्या. सिनेमा प्रौढांसाठीचा, त्यामुळे पोरांनी तो पाहिलेला नव्हता. पण चाल, नजर, संवादाची ढब सगळं पाठ होतं. आम्ही दारात उभे राहून बघत होतो. आतंकवाद्याची भूमिका करणारा मुलगा आपल्याच समाजातला. डोक्याला रुमाल बांधून तो मजेत वाकडं हसत होता. तास सुरू झाल्यावर सहज विचारलं, "ही भूमिका तुला कुणी दिली रे?" तो म्हणाला, "कुणी नाय सर, मीच घेतली. मलाच शोभते ना ती."

त्याला कुणी चिडवलं नव्हतं, कुणी भाग पाडलं नव्हतं. त्याच्या मित्रांच्या मनातही काही वाईट नव्हतं. म्हणूनच आम्हाला ते वाक्य जास्त लागलं. रागावण्यासारखं समोर कुणीच नव्हतं आणि तरी बारा वर्षांच्या पोराने स्वतःची जागा ठरवून टाकली होती. ही जागा त्याला कुणी दाखवली, याचा विचार करता करता आम्ही थरारपट नावाच्या प्रकाराकडे जरा नीट बघायला लागलो. चिडून बघून काही हाती लागत नाही. हे सिनेमे बनतात कसे, उत्कंठा नेमकी कुठून येते, आणि त्या कारखान्यात आपलं नाव, आपली टोपी, आपला मोहल्ला कच्चा माल म्हणून कसा वापरला जातो, हे समजून घेणं जास्त उपयोगाचं.

टेबलाखालचा बॉम्ब

थरारपटाचा सगळ्यात मोठा उस्ताद म्हणजे आल्फ्रेड हिचकॉक. धक्का आणि उत्कंठा यांतला फरक त्याने एका साध्या उदाहरणाने सांगितला आहे. टेबलाभोवती चार माणसं गप्पा मारताहेत. अचानक टेबलाखाली बॉम्ब फुटतो. प्रेक्षक दचकतो, पण क्षणभरच. आता तोच प्रसंग असा दाखवा की बॉम्ब ठेवताना प्रेक्षकांनी पाहिलंय, भिंतीवरचं घड्याळ दिसतंय, आणि त्या माणसांना मात्र काहीच ठाऊक नाही. मग त्यांच्या त्याच फालतू गप्पा ऐकताना आपला जीव टांगणीला लागतो. पंधरा सेकंदांच्या धक्क्याऐवजी पंधरा मिनिटांची उत्कंठा मिळते. पात्राला माहीत नसलेली गोष्ट प्रेक्षकाला माहीत असणे, हा उत्कंठेचा पाया.

बाकीच्या युक्त्या या पायावर उभ्या राहतात. पहिली म्हणजे घड्याळ. अमुक वाजेपर्यंत तमुक झालं नाही तर सगळं संपलं, अशी मुदत घातली की साधं चालणंसुद्धा धावपळ वाटू लागतं. दुसरी म्हणजे आवाज. 'सायको' (१९६०) मधलं बर्नार्ड हरमन यांचं संगीत फक्त तंतुवाद्यांवर बांधलेलं आहे. ते कर्कश सूर काढून टाकले तर न्हाणीघरातला तो प्रसंग अर्धा राहील. तिसरी म्हणजे दिशाभूल, म्हणजे संशयाची सुई मुद्दाम चुकीच्या माणसाकडे वळवायची. चौथी म्हणजे दोन ठिकाणच्या घटना आळीपाळीने दाखवणे: इकडे गाडी निघाली, तिकडे फाटक बंद होतंय. आणि पाचवी म्हणजे बंदिस्त जागा, जिथून पात्राला सहज बाहेर पडता येत नाही.

प्रेक्षकाला या युक्त्या ठाऊक असतात. दार करकरलं की आता काहीतरी होणार, हे लहान मूलही सांगतं. त्यात गैर काही नाही. कीर्तनकार कथा रंगवताना थांबतो, वाअज करणारे मौलाना आवाज खाली आणतात, तसाच हा एक संकेत. सांगणारा आणि ऐकणारा यांच्यातला तो करार असतो. प्रश्न येतो तो त्या करारात तिसऱ्याच कुणाचं तरी घर गहाण टाकलं जातं तेव्हा.

आपण रहस्यकथेवर वाढलेली माणसं

आपण या प्रकाराचे शत्रू नाही, उलट जुने शौकीन आहोत. आमच्या पिढीच्या घरात दोन कप्पे असायचे. एकात बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार आणि काळा पहाड, दुसऱ्यात इब्ने सफींची 'जासूसी दुनिया'. १९५२ साली इलाहाबादहून सुरू झालेली ही मालिका कोकणातल्या उर्दू वाचणाऱ्या घरांपर्यंत पोचली होती. कर्नल फरीदी आणि कॅप्टन हमीद हे तिचे नायक.

आज मागे वळून बघताना एक गोष्ट ध्यानात येते. इब्ने सफींच्या कथेत गुन्हेगार पकडणाऱ्याचं नाव मुसलमानी, गुन्हेगाराचं नावही बऱ्याचदा मुसलमानी, आणि मधल्या सगळ्या संशयितांचीही तीच कथा. त्यामुळे नावावरून काहीच कळत नसे. वाचकाला माणसाच्या वागण्याकडे, बोलण्यातल्या विसंगतीकडे, हेतूकडे बघावंच लागे. अर्नाळकरांचंही तेच. नाव हा पुरावा नव्हता, म्हणून कथेला मेहनत करावी लागत होती.

जुन्या चित्रपटांतही असंच. कमाल अमरोहींचा 'महल' (१९४९), राज खोसलांचा 'वो कौन थी' (१९६४), एकही गाणं नसलेला 'इत्तेफाक' (१९६९) यांतली भीती धुक्यातून, रिकाम्या हवेलीतून, एका रात्रीतून आणि एका घरातून यायची. मराठीत राजा परांजपे यांचा 'पाठलाग' (१९६४) बघा. जयंत देवकुळे यांच्या 'आशा परत येते' या कादंबरीवरचा हा सिनेमा. वकिलाची बायको वारली आहे, आणि कोर्टात आरोपी म्हणून उभी असलेली बाई हुबेहूब तिच्यासारखी. ती खरी कोण, या एकाच प्रश्नावर सगळा सिनेमा पेलला आहे. पुढे त्यावरूनच हिंदीत 'मेरा साया' (१९६६) आला. यात कुणाच्या जातीधर्मावर संशय घ्यायची गरज पडली नाही. माणूस स्वतःच्या डोळ्यांवर तरी किती विश्वास ठेवतो, एवढं कोडं पुरेसं होतं.

नावच पुरावा होतं तेव्हा

नव्वदच्या दशकात चित्र बदललं. मार्च १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांनी शहर हादरलं आणि सिनेमाही. स्फोटांचं आरडीएक्स रायगडच्या शेखाडी किनाऱ्यावर उतरलं होतं, ही वस्तुस्थिती आहे. ते उतरू देणारे कस्टम आणि पोलीस खात्यातले लोकही त्या खटल्यात दोषी ठरले, हीदेखील वस्तुस्थितीच. पण पडद्याने पहिली गोष्ट उचलली आणि दुसरी बहुतेक वेळा विसरला. तेव्हापासून रात्रीचा कोकण किनारा, लांबवर लुकलुकणारा दिवा आणि होडीतून उतरणाऱ्या पेट्या हा एक ठरलेला प्रसंग झाला.

आमच्या मालगुंडच्या किनाऱ्यावरूनही रात्री समुद्रात दिवे दिसतात. तो कुणाचा तरी बाप, कुणाचा तरी भाऊ मासे मारायला गेलेला असतो. घरातली बाई तो दिवा बघते तेव्हा तिच्याही मनात उत्कंठा असते, पण वाऱ्याची आणि पावसाची. एकच दिवा, त्याचे हे दोन अर्थ. सिनेमाने त्यातला एकच देशभर पोचवला.

१९९९ चा 'सरफरोश' आम्हाला अजूनही आवडतो. त्यातल्या इन्स्पेक्टर सलीमची घुसमट मनापासून मांडलेली आहे. पण त्याच सिनेमातला मोठा धक्का काय, तर नायकाचा लाडका गझल गायक हाच सूत्रधार निघतो. कथेपुरती ही दिशाभूल उत्तम आहे. तरी उर्दू शिकवणाऱ्या माणसाला ती टोचते, कारण इथे गझलेची अदबसुद्धा बुरखा ठरते. गोड बोलतो, म्हणजे काहीतरी लपवतो.

२००८ चा 'आमिर' तर या शास्त्राचा धडाच आहे. लंडनहून परतलेला मुसलमान डॉक्टर. त्याच्या कुटुंबाचं अपहरण झालंय. फोनवरचा आवाज सांगेल तिथे त्याने जायचं. मुदत, बंदिस्तपणा, हातात लाल सुटकेस, सगळं आहे. आता भीती कुठून येते ते बघा. मोहल्ल्यातला चहावाला, पीसीओवाला, खिडकीतली बाई, खाटकाचं दुकान, प्रत्येक जण त्याच्यावर नजर ठेवून आहे असं दाखवलंय. ज्या गल्लीत आपले नातेवाईक राहतात, जिथे आपण ईदची खरेदी करतो, ती अख्खी गल्लीच टेबलाखालचा बॉम्ब होते. न्यायाने हेही सांगायला हवं की शेवटी आमिर स्वतःचा जीव देऊन लोकांना वाचवतो, आणि बातम्या मात्र त्यालाच अतिरेकी म्हणतात. दिग्दर्शकाला तो अन्याय दिसला होता. पण दीड तास मोहल्ल्याची भीती दाखवल्यावर शेवटची पाच मिनिटं कितीशी लक्षात राहणार?

नंतर 'स्लीपर सेल' हा संकेत आला. 'सूर्यवंशी' (२०२१) ची कथा १९९३ च्या आरडीएक्समधलं ६०० किलो उरलंय, या कल्पनेवर उभी आहे. वर्षानुवर्षं साध्या माणसांसारखे राहणारे शेजारी खरे कोण आहेत, ही त्यातली उत्कंठा. त्यात सलोख्याचे प्रसंगही आहेत, मुसलमान गणपतीची मूर्ती हलवायला हात लावतात. पण या संकेताचं गणित धोकादायक आहे. संशयित विचित्र वागला तर तो संशयास्पद, आणि अगदी साधा वागला तर जास्तच संशयास्पद. या गणितातून निर्दोष माणसाने सुटायचं कसं? आणि जो 'चांगला' मुसलमान दाखवतात, त्याचं सगळं काम आपण चांगले आहोत हे सिद्ध करणं एवढंच. पोटापाण्याची, प्रेमाची, विनोदाची, साध्या भांडणाची गोष्ट त्याच्या वाट्याला येत नाही.

कलेच्या बाजूने पाहिलं तरी हा तोट्याचा सौदा आहे. पडद्यावर हिरवट उजेड, डोळ्यांत सुरमा, मागे अजानचा आवाज आला की गुन्हेगार कोण हे पहिल्या दहा मिनिटांत कळतं. मग रहस्य उरलं कुठे?

'दृश्यम'ने दिलेली किल्ली

याचं सगळ्यात नेमकं उत्तर एका थरारपटातच सापडतं, आणि तोही आपल्या शेजारच्या गोव्यात घडणारा. मूळ मल्याळम 'दृश्यम' २०१३ चा. हिंदी रूप २०१५ साली आपल्या निशिकांत कामत यांनी केलं. केबलचा धंदा करणारा, चौथी नापास विजय साळगावकर कुटुंबाला वाचवायला काय करतो? तो साक्षीदारांना विकत घेत नाही. २ आणि ३ ऑक्टोबरला आम्ही पणजीला होतो, सत्संगाला होतो, हॉटेलात जेवलो, हे त्या त्या माणसाच्या मनावर पुन्हा भेटून, बोलता बोलता, ठसवतो. पुढे पोलिसांसमोर ती माणसं खोटं बोलत नाहीत. त्यांना मनापासून तसंच आठवतं. दाखवलेलं दृश्य त्यांची आठवण झालेलं असतं.

हे वारंवार दिसणाऱ्या सगळ्याच चित्रांना लागू पडतं. ज्याच्या आयुष्यात एकही मुसलमान शेजारी नाही, एकही मित्र नाही, त्यालाही मुसलमान 'आठवतो'. तो खोटं बोलत नसतो. त्याची ही आठवण त्याला कुणीतरी पुन्हा पुन्हा भेटून दिलेली असते. आणि आमच्या सातवीतल्या मुलालाही त्याच आठवणीतून आपली भूमिका सापडली.

याच निशिकांत कामतांनी २००८ साली 'मुंबई मेरी जान' केला होता. ११ जुलै २००६ च्या लोकल स्फोटांनंतरचं शहर त्यात आहे. के के मेननने साकारलेला एक साधा नोकरदार नसलेला माणूस एका मुसलमान तरुणावर संशय धरतो, त्याचा माग काढू लागतो. थरारपटाच्या सगळ्या युक्त्या इथेही आहेत: पाठलाग, चोरून बघणं, सुगावा. पण कॅमेरा संशयितावर नाही, संशय घेणाऱ्यावर रोखलेला आहे. आपल्याला भीती वाटते ती त्याच्या डोक्यात काय शिजतंय याची. शेवटी त्याच तरुणाशी ओळख होते आणि संशय वितळतो. म्हणजे हत्यार वाईट नाही. ते कुठल्या बाजूने धरलंय, त्यावर सगळं आहे.

पडद्याबाहेरचा शेवट

त्याच स्फोटांच्या पार्श्वभूमीवर 'अ वेन्सडे' (२००८) आला. बांधणीच्या दृष्टीने अप्रतिम सिनेमा. मुदत आहे, फोन आहे, एका गच्चीवर बसलेला माणूस आहे. तो अतिरेकी वाटतो आणि निघतो एक सामान्य नागरिक. त्याचं नावही सिनेमा सांगत नाही. त्याला चार अतिरेकी मारायचे असतात, आणि ते मारले जातात. थेटरात टाळ्या पडतात. त्या टाळ्यांमागची अट एकच: ते चौघे गुन्हेगारच आहेत, याबद्दल प्रेक्षकाला तसूभरही शंका नको. सिनेमातले चौघे काल्पनिक आहेत, लेखकानेच त्यांना दोषी ठरवलंय, त्यामुळे ही खात्री फुकट मिळते.

खऱ्या जगात काय झालं? ११ जुलै २००६ च्या सात स्फोटांत १८९ माणसं गेली, आठशेहून अधिक जखमी झाली. १३ जणांवर खटला चालला. सप्टेंबर २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने १२ जणांना दोषी ठरवलं, पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप दिली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष सोडलं. त्यांतला एक जण २०२१ मध्येच तुरुंगात वारला होता. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. २४ जुलैला त्या न्यायालयाने सांगितलं की हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरता येणार नाही, पण सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात जायची गरज नाही.

इथे दोन गोष्टी एकत्र मनात ठेवायला हव्यात. १८९ घरांना आजही उत्तर मिळालेलं नाही. त्यांचं दुःख आपलंही आहे, त्या डब्यांत कुणाचा धर्म विचारून मरण आलं नव्हतं. आणि त्याच वेळी जवळजवळ १९ वर्षं तुरुंगात काढलेल्यांच्या घरांचंही उत्तर बाकी आहे. थरारपटाला शेवट लागतो, तोही दोन-अडीच तासांत. न्यायाला तशी मुदत घालता येत नाही, आणि टाळ्यांच्या घाईत तर नाहीच नाही.

२०१५ लाच निर्दोष सुटलेला तेरावा माणूस अब्दुल वाहिद शेख. आमच्याच पेशातला, शाळामास्तर. नऊ वर्षं आत राहिला, तिथेच कायद्याचा अभ्यास केला, 'बेगुनाह कैदी' हे पुस्तक लिहिलं. त्याच्यावर २०२२ साली 'हीमोलिंफ' हा सिनेमा आला. तो आपल्यापैकी किती जणांनी पाहिला? वकील शाहिद आझमींवरचा 'शाहिद' (२०१३) निदान थोडा माहीत आहे. २०१० साली कुर्ल्यात त्यांची त्यांच्याच कार्यालयात हत्या झाली. दिग्दर्शक हंसल मेहता आणि राजकुमार राव या दोघांनाही त्या चित्रपटासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 'आपल्यावर चांगले सिनेमे येत नाहीत' अशी तक्रार करताना, आले तेव्हा आपण तिकीट काढलं का, हेही स्वतःला विचारू या.

कायद्याला या धोक्याची जाण आहे. १९९३ च्या स्फोटांवरचा 'ब्लॅक फ्रायडे' २००५ साली प्रदर्शित होणार होता. खटल्याचा निकाल लागायचा होता, म्हणून आरोपींच्या अर्जावर उच्च न्यायालयाने तो थांबवला. तो २००७ मध्ये पडद्यावर आला. आणि २०२३ साली 'द केरला स्टोरी'च्या प्रचारातला ३२ हजारांचा आकडा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, तेव्हा त्याला अधिकृत आधार नसल्याची सूचना चित्रपटात घालायचं निर्मात्यांना मान्य करावं लागलं. त्याच न्यायालयाने बंगालमधली बंदीही उठवली, हे लक्षात ठेवायला हवं. बंदी हा उपाय नाही. 'सत्य घटनेवर आधारित' ही पाटीसुद्धा उत्कंठा वाढवायचा एक संकेतच आहे, हे प्रेक्षकाला कळणं हा उपाय आहे.

बातमीचाही थरारपट

आता तर या सगळ्या युक्त्या बातम्यांत आल्या आहेत. छातीत धडधड वाढवणारं संगीत, लाल वर्तुळ, कोपऱ्यात उलटं धावणारं घड्याळ, मथळ्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह. मार्च-एप्रिल २०२० आठवा. घराघरांत माणसं कोरोनाच्या भीतीने बसलेली, आणि पडद्यावर 'लपलेल्या' जमातींचा शोध. टेबलाखालचा बॉम्ब म्हणून जिवंत माणसं दाखवली गेली. २१ ऑगस्ट २०२० रोजी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २९ परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले, त्यांना बळीचा बकरा केलं गेल्याचं म्हटलं आणि माध्यमांच्या प्रचारावर कडक ताशेरे मारले. त्या निकालाला धडधडणारं संगीत नव्हतं. म्हणून तो फारसा कुणाला आठवत नाही.

पण बोट फक्त बाहेर दाखवून भागणार नाही. २०१८ साली मुलं पळवणाऱ्या टोळ्यांचे व्हिडिओ देशभर फिरत होते. त्यांतला एक तर कराचीतल्या एका संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी बनवलेला होता. मोटारसायकलवरून मूल उचलतात, आणि शेवटी मूल परत आणून संदेश देतात. फिरवणाऱ्यांनी तो शेवट कापला. उरला निव्वळ थरार. अशाच अफवांच्या वातावरणात १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. तसले व्हिडिओ आपल्या कुटुंबाच्या ग्रुपवरही आले होते. आपणही ते पुढे ढकलले होते. संशय कुणाही समाजाच्या दारात थांबून परवानगी विचारत नाही.

उर्दूत उत्कंठेला तजस्सुस म्हणतात. जासूस हा शब्दही त्याच धातूचा. सूरह हुजुरातमध्ये वाजवीपेक्षा जास्त संशय घेण्यापासून रोखलं आहे, आणि दुसऱ्याच्या मागे लागून त्याच्या गोष्टी उकरायला मनाई करताना हाच धातू वापरला आहे. कथेतला तजस्सुस ही मौज आहे. माणसांवर तो रोखला की तो गुन्हा होतो. हा फरक आपल्या मुलांना आपणच शिकवायला हवा.

घरी आणि वर्गात

मुलांना सिनेमा बघू नका म्हणून उपयोग नाही, ती बघणारच. त्यापेक्षा शेजारी बसावं आणि तीन प्रश्न विचारावेत. आत्ता भीती वाटली ती कशामुळे, घटनेमुळे की संगीतामुळे? हा माणूस गुन्हेगार आहे हे कुठल्या पुराव्यावरून कळलं, की नुसत्या नावा-कपड्यांवरून? आणि हीच गोष्ट त्या माणसाच्या घरातून सांगितली असती तर कशी दिसली असती? दोन-तीन सिनेमे असे पाहिले की मूल स्वतःच कॅमेऱ्यामागचा हात ओळखू लागतं.

आम्ही वर्गात एक प्रयोग केला. निबंधाला विषय दिला: एसटी स्टँडवर एक बेवारस पिशवी पडली आहे, पुढची गोष्ट लिहा. पहिल्या खेपेला बहुतेक गोष्टींत पिशवीत बॉम्ब होता, आणि ठेवणाऱ्याची नावं काय होती ते सांगायला नको. आपल्या मुलांनीही तीच लिहिली होती. आम्ही कुणाला रागावलो नाही. एवढंच म्हणालो, "आता पुन्हा लिहा. अट एकच, कुणालाही नाव द्यायचं नाही." पोरांची पंचाईत झाली. नाव नाही म्हटल्यावर कारण शोधावं लागलं, पिशवी विसरायला नाहीतर ठेवायला माणूस कसा हवा याचा विचार करावा लागला. दुसऱ्या खेपेच्या गोष्टी कितीतरी सरस होत्या. खऱ्या अर्थाने उत्कंठा होती त्यांत.

रुमाल बांधणाऱ्या त्या मुलाने लिहिलं होतं: सगळे प्रवासी पिशवीपासून लांब उभे आहेत. कंट्रोलर शिट्टी वाजवतोय, पोलीस निघालेत. तेवढ्यात एक म्हातारी धापा टाकत येते, गर्दीतून वाट काढते आणि सरळ पिशवी उचलते. आत तिचा एक्स-रे असतो, रत्नागिरीच्या डॉक्टरला दाखवायचा. ती सगळ्यांवर ओरडते, "माझी पिशवी होती, कुणी एकाने तरी हाक मारायची!"

मराठीत दहापैकी नऊ गुण दिले. एक गुण शुद्धलेखनाचा कापला. वही परत देताना तो म्हणाला, "सर, संमेलनात हीच बसवूया का?" आम्ही हो म्हटलं. म्हातारीची भूमिका त्यानेच घेतली.